शेगड्यांविरुद्धचा अर्ज

बागेतल्या शेगड्या बंद करा, असा अर्ज आमच्या चार नंबरच्या इमारतीतून नगरपालिकेला गेला, तो मी लिहिला. जहाजांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं टायपिस्ट होते. त्यामुळे इमारतीत कुणाला सरकारी कागद करायचा असला की तो माझंच दार वाजवतो. पेन्शनचा असो, गळक्या पाइपचा असो, नाहीतर वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याचा. "झेनोव्हियाबाई, तुमच्या हातचा कागद परत येत नाही," असं लोक म्हणायचे आणि मला ते आवडायचं.

आमच्या इमारतीसमोर पोपलरच्या झाडांची बाग आहे आणि बागेच्या पलीकडं कारखान्याचं जुनं वसतिगृह. कारखाना बंद पडला, पण माणसं तिथंच राहिली. एका कुटुंबाला एक खोली, मजल्याला एक स्वयंपाकघर, गॅलरी कुणालाच नाही. ईस्टर झाला की दर रविवारी ती सगळी माणसं बागेत उतरायची. तीस-चाळीस शेगड्या पेटायच्या. मितितेई, म्हणजे लसूण घातलेले खिम्याचे बोटभर मुटके, जाळीवर पडले की त्यांची चरबी निखाऱ्यांवर गळायची आणि निळा, चिकट धूर सरळ आमच्या खिडक्यांत यायचा. ऑक्टोबर संपेपर्यंत हेच. वाळत घातलेल्या चादरींना तो वास, उशांना तो वास. गवतावर जळल्याचे गोल काळे चट्टे. कुत्री हाडं ओढत आमच्या जिन्यात आणायची. एका लिंडनच्या खोडाला कुणीतरी तारेनं जाळी बांधली होती, ते झाड एका बाजूनं वाळून गेलं.

हे सगळं खरं होतं. आजही कुणी विचारलं तर मी सांगेन, तक्रार खरी होती.

मोहीम सुरू केली इंजिनिअर द्रागोमीर यांनी. ते पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले, दुसऱ्या जिन्यात राहायचे. जुलैतही कोट घालणारा माणूस. त्यांची सात वर्षांची नात इलिंका त्यांच्याकडंच असायची. तिला दमा होता. रविवारी संध्याकाळी तिची छाती शिट्टीसारखी वाजायची.

"बाई, मला भांडण नको," ते माझ्या स्वयंपाकघरात बसून म्हणाले. "मला फक्त या पोरीला रविवारी खिडकी उघडता आली पाहिजे."

मी अर्ज लिहिला. दोनशे चौदा सह्या झाल्या. माझ्या समोरच्याच दारात मात्र अर्धी सही मिळाली. तिथं व्हेतूता आणि तिचा नवरा पान्तेलिमोन राहायचे. पान्ते आमच्याच कारखान्यातला वेल्डर, सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. त्याची फुप्फुसं गेली होती. दिवसातले सोळा-सोळा तास तो नाकात नळी घालून ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेला असायचा. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून बागेकडं बघणं एवढंच त्याला उरलं होतं.

व्हेतूतानं लगेच सही केली. पान्तेनं पेन हातात घेतलं नाही.

"तीस वर्षं मी वेल्डिंगचा धूर गिळला," तो म्हणाला. "वर रोज दोन पाकिटं सिगारेटी. तेव्हा कुणी अर्ज केला नाही. आता मुटक्यांच्या धुराला अर्ज?"

"तू बोलू नकोस, धाप लागते," व्हेतूता म्हणाली.

"लागू दे. तिथं गित्सा असतो. माझ्या हाताखाली शिकलाय तो. त्याच्याविरुद्ध सही करू?"

गित्साला मी ओळखत होते. पन्नाशीला टेकलेला, रुंद खांद्यांचा, आता लाकडाच्या वखारीत फळ्या उचलणारा. त्याची बायको तासिया आमच्या इमारतीचे जिने पुसायची. दर रविवारी पहिला घाणा उतरला की गित्सा खालून खिडकीकडं बघून चिमटा हलवायचा आणि थोड्या वेळानं तासिया पावात गुंडाळलेले चार मुटके घेऊन वर यायची. डॉक्टरांनी ते पान्तेला वर्ज्य केले होते. व्हेतूता दारात उभी राहून कुरकुरायची आणि आत घ्यायची.

एक मेला, कामगार दिनाच्या सुट्टीला, भडका उडाला. त्या दिवशी आमच्याकडं शेगडी न पेटवणारा माणूस आजारी तरी असतो, नाहीतर तुरुंगात. बाग माणसांनी भरली होती, समोरचं झाड दिसत नव्हतं इतका धूर. दुपारी इलिंकाला दवाखान्यात न्यावं लागलं. तिला पोचवून द्रागोमीर परत आले, घरातून पाण्यानं भरलेली बादली घेतली आणि कोट घालून तसेच बागेत शिरले. आम्ही चार-पाच जणी त्यांच्या मागं गेलो.

"या या, इंजिनिअरसाहेब!" एक जण ओरडला. "पाणी कशाला, बिअर ओता, चव येईल!"

"साहेबांना मोहरीची चटणी द्या रे, नुसत्या रागाबरोबर मुटका घशाखाली उतरत नाही!"

लोक हसले. द्रागोमीर सगळ्यात मोठ्या शेगडीपाशी थांबले. ती गित्साची होती. त्यांनी एक शब्द न बोलता बादली उपडी केली. फस्स करून वाफ उठली, राख उडून सगळ्यांच्या ताटांत बसली.

हसणं थांबलं. गित्साच्या मानेवरची शीर फुगलेली मला दिसली. त्यानं चिमटा मुठीत धरला होता. मला वाटलं, आता हा मारतो. तो मारायला वळला नाही. आमच्या इमारतीकडं, मिस्त्रीच्या खिडकीकडं त्यानं एकदा पाहिलं आणि चिमटा खाली ठेवला.

"साहेब," तो म्हणाला, "वीस माणसांचं जेवण होतं ते."

"माझी नात दवाखान्यात आहे," द्रागोमीर म्हणाले. 

"मला काय ठाऊक, साहेब? येऊन सांगायचं होतं."

"अर्जात सांगितलंय."

"अर्ज आम्हाला कुठं दिलात तुम्ही?"

 अर्ज आम्ही त्यांना खरंच दाखवला नव्हता.

जूनमध्ये नगरपालिकेचं उत्तर आलं. बागेत विस्तव पेटवण्याला मनाई करणारा नियम नाही, सबब कारवाई करता येत नाही. दोन ओळी. माझा कागद पहिल्यांदाच परत आला होता आणि ते मला लागलं. मी दुसरा अर्ज लिहायला घेतला.

जुलैच्या तिसऱ्या रविवारी सकाळी व्हेतूतानं माझं दार वाजवलं. ती काळ्या कपड्यांत होती. आईची पुण्यतिथी, आधी चर्च, मग स्मशान.

"साडेअकरापर्यंत येते," तिनं सांगितलं. "तेवढं पान्तेकडं डोकावत राहा गं. वीज गेली तर मशीन बंद पडतं, ठाऊक आहे ना तुला? सिलिंडर खुर्चीमागंच आहे. चावी डावीकडं फिरवायची आणि नळी त्याला लावायची. त्याला नाही जमत, हातात जोर नाही."

"ठाऊक आहे. तीनदा दाखवलंयस."

साडेदहाला मी एकदा जाऊन आले. पान्ते खिडकीत होता. खाली शेगड्या नुकत्या धरत होत्या. मी खिडकी लावून घेतली.

"उघडा ती," तो म्हणाला.

"धूर येतो."

"माणसंही दिसतात. उघडा."

मी उघडली.

"अर्जाचं काय झालं?" त्यानं विचारलं. डोळ्यांत मिस्कीलपणा होता.

"दुसरा लिहितेय."

"लिहा. फक्त माझं नाव त्यात घालू नका, म्हणजे झालं."

मी हसले आणि घरी आले. माझ्या खिडक्या बंद केल्या, फटींना ओली फडकी लावली, पंखा सुरू केला आणि टाइपरायटरपाशी बसले. माझं मशीन जुनं, हातानं चालणारं. वाक्य चांगलं जमत होतं. मला वाटतं, अकरा वाजून दहा मिनिटं झाली असतील. पंखा थांबला.

पंखा थांबल्याचं मला समजलं, हे मी इथं स्पष्ट सांगते. मान वर करून मी त्याच्याकडं पाहिलं. त्या उन्हाळ्यात आमच्या जिन्याची वीज दिवसातून दोनदा तरी जायची आणि दहा मिनिटांत यायची. येईल, असं मनात म्हटलं आणि पुढची ओळ सुरू केली. मिस्त्रीचं मशीन माझ्या मनात आलं नाही. वीज गेली की ते मशीन टीं-टीं करून ओरडतं. मध्ये दोन बंद दारं होती आणि माझा टाइपरायटर खडखडत होता. त्यानं भिंत वाजवली असेल, तर तीही मला ऐकू आली नाही.

वीज चाळीस मिनिटांनी आली. पंखा फिरू लागला, वारा अंगाला लागला तेव्हा बरं वाटलं. मग मला मशीन आठवलं. आता आलीय वीज, म्हटलं. एवढं पान संपवून जाते.

सव्वाबाराला जिन्यात किंकाळी ऐकू आली.

पान्ते खिडकीच्या कट्ट्यावर दोन्ही हात टेकून बसला होता. हनुवटी छातीवर. मशीन व्यवस्थित घुरघुरत होतं, नळी मांडीवर पडली होती आणि तिच्यातून हवा सूं-सूं वाहत होती. खोली मुटक्यांच्या धुरानं भरली होती. व्हेतूता खिडकीतून अर्धी बाहेर वाकून बागेवर ओरडत होती, "मारलंत! माझ्या माणसाला धुरानं मारलंत तुम्ही!"

खाली एकेक माणूस उभा राहिला. रुग्णवाहिकेतून तरुण डॉक्टर आला. त्यानं मशीनकडं बोट केलं.

"हे चालू होतं?"

"चालू होतं," व्हेतूता म्हणाली.

मी दारात उभी होते. मी काहीच बोलले नाही. डॉक्टरनं कागदावर लिहिलं, श्वसन बंद पडल्यामुळे, जुना आजार.

दफन झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी द्रागोमीर आले. या वेळी ते बसले नाहीत.

"नव्या अर्जात एक वाक्य घालायला हवं, बाई. या धुरामुळं आमच्या इमारतीतले पान्तेलिमोन मिस्त्री यांचा मृत्यू झाला. तुम्ही शेजारी आहात, खोली तुम्ही पाहिलीत. धूर होता ना?"

"होता," मी म्हणाले.

"मग?"

मी ते वाक्य टाइप केलं. एकही चूक न होता. व्हेतूतानं त्याखाली सही केली. वेल्डरची टोपी घातलेला पान्तेचा तरुणपणीचा फोटो तिनंच काढून दिला. तो फोटो छापून आमच्या प्रत्येक जिन्यात लागला, बसथांब्यावर लागला. स्थानिक वर्तमानपत्रातही आला. सप्टेंबरमध्ये नगरपालिकेच्या सभेत तो अर्ज मीच उभी राहून वाचला. बायका डोळे पुसत होत्या. सतरा विरुद्ध दोन अशा मतांनी बागेत शेगडी पेटवायला बंदी झाली.

गित्सा मागं भिंतीला टेकून उभा होता, टोपी हातात घेऊन. "हाच तो," कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या माना वळल्या. मिस्त्रीच्या खिडकीखालची शेगडी त्याची होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यानं मान खाली घातली आणि तसाच उभा राहिला.

तासियाचं काम आठ दिवसांत गेलं. तिच्या हातून जिने पुसून घ्यायला इमारतीतल्या लोकांना नको वाटतं, असं तिला सांगण्यात आलं. वसतिगृहाच्या दारावर कुणीतरी लाल रंगानं "खुनी" असं लिहिलं. वखारीत गित्साशी कुणी बोलेनासं झालं, मग तो जायचाच बंद झाला.

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी तो माझ्या दारात आला. हातात अक्रोडांची पिशवी होती.

"व्हेतूताबाईंकडं जायचं धाडस होत नाही," तो म्हणाला. "तुम्हाला एक विचारू का? त्यांना फार त्रास झाला का हो?"

"नाही," मी म्हणाले. "झटकन गेले."

तो दारातच उभा राहिला. मी आत ये म्हटलं नाही.

"मी बघितलं होतं त्यांना," तो म्हणाला. "खिडकीत. त्यांनी हात वर केला, असा. मग परत एकदा केला. मी चिमटा हलवला. ओरडलो, मिस्त्री, पाच मिनिटं, पाठवतोच! मग त्यांनी हात खाली घेतला. मला वाटलं, बरं, थांबतायत. पण निखारे मंदावले, पहिला घाणा उतरायलाच पाऊण तास गेला. तासियाला वर पाठवणार तोवर व्हेतूताबाईंचा आवाज आला."

"किती वाजले होते?" मी विचारलं.

"चर्चच्या घंटा नुकत्याच झाल्या होत्या. साडेअकरा."

साडेअकराला माझा पंखा बंद होता. पान्तेनं हात कशासाठी वर केला ते मला तिथल्या तिथं कळलं. गित्साला कळलं नव्हतं.

"म्हणजे धुरानंच गेले," तो म्हणाला.

"डॉक्टरांनी फुप्फुसं लिहिलंय."

"म्हणजे धुरानंच." त्यानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली आणि गेला.

याला आता सांगितलं तर हा आणखी मोडेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. ते खोटं नव्हतं. पण मी गप्प बसले त्याचं कारण ते नव्हतं.

जानेवारीत सहा महिन्यांचं श्राद्ध झालं. चर्चच्या लहान दालनात व्हेतूतानं टेबलं मांडली होती. उकडलेल्या गव्हाचा गोड प्रसाद, पाव, वाइन. पाद्र्याची प्रार्थना संपत आली तेव्हा तासिया आत आली. डोक्याला काळा रुमाल, एका हातात मेणबत्ती, दुसऱ्या हातात घरी भाजलेला पाव. ती टेबलापर्यंत पोचायच्या आत इंजिनिअर द्रागोमीर यांच्या बायकोनं तिची वाट अडवली.

"आधी मारायचं आणि मग मेणबत्त्या लावायच्या?"

"मी मिस्त्रींसाठी आलेय," तासिया हळू म्हणाली. "तुमच्यासाठी नाही."

"तुमच्या हातचा पाव इथं कुणी खाणार नाही."

सगळे व्हेतूताकडं बघत होते. तिच्या हातात प्रसादाचा डाव होता. ती काहीतरी बोलेल अशी तासियानं वाट पाहिली, मीही पाहिली. व्हेतूता टेबलाकडं बघत राहिली. तासियानं पाव परत रुमालात बांधला, मेणबत्ती बाहेर पायरीवरच्या बर्फात खोचली आणि निघून गेली.

त्या दुपारी व्हेतूताच्या स्वयंपाकघरात मी वाडगे धूत होते. ती पुसत होती. नळ चालू ठेवूनच मी बोलले, कारण तिच्याकडं बघून मला बोलता आलं नसतं.

"त्या दिवशी वीज गेली होती, व्हेतूता. चाळीस मिनिटं. मी घरात होते. पंखा बंद झाला तेव्हा मला कळलं होतं. मी आले नाही."

तिचा पुसणारा हात थांबला नाही. वाडगा पुसून झाला, तिनं तो फळीवर ठेवला, दुसरा घेतला.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

मी नळ बंद केला.

"ओव्हनवरचं घड्याळ लुकलुकत होतं. वीज जाऊन आली की ते शून्यावर लुकलुकतं. आत पाऊल टाकलं तेव्हाच मी पाहिलं. डॉक्टर यायच्या आधी मी ते घड्याळ लावलं. माझा माणूस खुर्चीत मरून पडला होता आणि मी घड्याळ लावत होते."

"पण का?"

"मी साडेअकराला येणार होते ना? स्मशानातून निघाल्यावर माझी जुनी मैत्रीण आनिकाबाई भेटली. कॉफी घेऊ म्हणाली. पाऊण तास बसले मी. केक खाल्ला. वर्षभरात पहिल्यांदा मी कुणाबरोबर निवांत बसले होते. म्हटलं, झेनोव्हिया आहे ना तिथं." ती खाली बसली. "वीज गेली म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न हाच आला असता. तू कुठं होतीस? धुराला कुणी विचारत नाही, तू कुठं होतास."

 धूर आम्हा दोघींनाही सोयीचा पडला होता, आणि सहा महिने आम्ही एकमेकींसमोर रडत होतो.

"गित्साला सांगायला हवं," शेवटी तीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाग ओलांडून वसतिगृहात गेलो. दारावरचा लाल शब्द खरवडला होता, तरी वाचता येत होता. गित्सा पलंगावर बसला होता, दाढी वाढलेली, अंगात स्वेटरवर स्वेटर. तासियानं आम्हाला बघून खुर्च्या दिल्या नाहीत. गित्सा मात्र उठला. "बसा, बसा," म्हणाला. "तासिया, कॉफी टाक." तासिया हलली नाही.

व्हेतूतानं सगळं सांगितलं. घड्याळ, कॉफी, केक. मग मी माझं सांगितलं. गित्सा लहान मुलासारखा लक्ष देऊन ऐकत होता.

"वीज कधी गेली?" त्यानं विचारलं.

"अकरा-दहाच्या सुमाराला."

"आणि आली?"

"बाराला दहा कमी असताना."

तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत राहिला. मला वाटलं प्रार्थना करतोय. तो वेळ मोजत होता.

"म्हणजे ते मुटके मागत नव्हते," तो म्हणाला. "मला बोलावत होते."

त्यानं खिडकीतून आमच्या इमारतीकडं पाहिलं.

"माझ्या शेगडीपासून तुमच्या दारापर्यंत दीड मिनिट लागतं. गेल्या वर्षी मी एकदा पळत गेलो होतो त्यांना द्यायला, तेव्हा मोजलं होतं. गंमत म्हणून." त्यानं दोन्ही तळवे मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडं बघत बसला. "मी चिमटा हलवला."

तासिया पलंगाच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. ती एकदम बोलली, आवाज न चढवता.

"हे सांगायला आलात तुम्ही? सहा महिने हा समजत होता, धुरानं मारलं. धूर तीस शेगड्यांचा होता. थोडा याचा, थोडा दुसऱ्याचा. त्यावर कसाबसा झोपत होता हा. आता हे सगळं याच्या एकट्याच्या हातावर आलं."

"तासिया, आम्हाला वाटलं..."

"तुम्हाला हलकं वाटलं. झालं ना? आता निघा."

मी नगरपालिकेला तिसरा कागद लिहिला. अमुक अर्जातलं अमुक वाक्य खोटं आहे, ते मी जाणूनबुजून लिहिलं, मृत्यू वीज गेल्यामुळं आणि माझ्या हयगयीमुळं झाला. खाली माझी आणि व्हेतूताची सही. उत्तर आलं, आपलं पत्र मिळालं, नोंद घेतली. वर्तमानपत्रानं छापलं नाही. इमारतीच्या बैठकीत मी उभी राहून बोलले, तेव्हा लोक आपापल्या बुटांकडं बघत होते. "या वयात माणूस स्वतःला उगाच बोल लावतो," तिसऱ्या मजल्यावरची एक जण म्हणाली आणि विषय कचऱ्याच्या डब्यांवर गेला.

द्रागोमीरांकडं मी वेगळी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. 

"मला हे माहीत नव्हतं, बाई. शपथ घेऊन सांगतो."

"मला ठाऊक आहे."

"पण ठराव बरोबर होता." त्यांनी आतल्या खोलीकडं पाहिलं, तिथं इलिंका टाचांवर गिरक्या घेत गाणं म्हणत होती. "सप्टेंबरपासून हिला एकदाही दम्याचा पंप लागलेला नाही. ते मी परत करू का? तुम्हीच सांगा, कुणाला परत करू?"

 तासियाला काम परत देऊ, असं त्यांनी स्वतःहून इमारतीकडून कळवलं. तिनं निरोपाला उत्तर पाठवलं नाही.

मार्चमध्ये समजलं, ते दोघं जातायत. गित्सा त्याच्या बहिणीकडं, डोंगरातल्या गावात. तासिया त्याला पोचवून पुढं इटलीला, कुणा म्हातारीची शुश्रूषा करायला. वखारवाल्यानं त्याला परत बोलावलं होतं, एका गोदीतून वेल्डिंगच्या कामाचीही विचारणा होती. तो कुठंच गेला नव्हता. तो बोलत नाही असं नाही, तासियाच्या शेजारणीनं मला सांगितलं, विचारलं तर हो-नाही म्हणतो. पण चमचा हातात दिला तरी तसाच धरून बसतो.

मी बसस्टँडवर गेले. व्हेतूता येणार होती, इमारतीच्या दारापर्यंत आली आणि परत फिरली. पाऊस आणि बर्फ एकत्र पडत होतं. गित्सा खिडकीपाशी बसला होता, गुंडाळलेल्या पोरासारखा. तासिया खाली उभी राहून बोचकी चढवत होती.

"तासिया," मी म्हणाले.

"बाई, क्षमा मागू नका." ती वळलीही नाही. "मागितलीत तर मला त्याला सांगावं लागेल आणि तो देऊन टाकेल. तुम्हाला ती फुकट मिळू नये असं मला वाटतं."

मी बाजूला झाले. ती वर चढली. बस सुरू झाली, तशी गित्सानं खिडकीची काच थोडी खाली केली. आत बसल्यापासून तो पहिल्यांदाच हलला असावा, कारण तासियानं दचकून त्याच्याकडं पाहिलं.

"झेनोव्हियाबाई," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, न वापरलेला. "व्हेतूताबाई एकट्याच असतात आता. जात जा त्यांच्याकडं."

"जाईन," मी म्हणाले.

जाते मी. दुपारी चारला. ती दार उघडते, कॉफी टाकते. आम्ही बाजारभाव बोलतो, गुडघ्यांबद्दल बोलतो. बागेत आता मुलं खेळतात, गवतावरचे काळे चट्टे बुजत आलेत. एखाद्या वेळी तिच्या किंवा माझ्या तोंडात दुसरं काहीतरी येतं. मग जिच्या आधी लक्षात येतं ती उठून कप धुवायला घेते.